आभाळातले अकरा डाग

3 नोव्हेंबर, रंकाळा तलाव, कोल्हापूर

कॅमेरा घरात आला धनत्रयोदशीला, घराबाहेर पडला भाऊबीज उरकल्यावर. मधले दिवस तो खोक्यातच, देव्हाऱ्याशेजारी. लक्ष्मीपूजनाला आईनं खोक्यावर हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "ह्यातनं काय येगळं दिसतंय?" म्हटलं, बघून सांगतो.

उद्यमनगरात माझे दोन लेथ आहेत. दिवसभर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापायचं आणि साडेपाचला हात धुऊन आभाळ गाठायचं, असं आठ वर्षं चाललंय. पक्षी नाहीत, लग्नं नाहीत, नुसतं आभाळ. फोटोत खाली थोडी जमीन येते ती नाइलाजानं. इतकी वर्षं जुना कॅननचा डीएसएलआर आणि त्याची 18-55 लेन्स यावर भागलं. आता त्याच कंपनीचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, आणि फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. सौभाग्यवतींनी आधी फ्रिज मागितला होता. पाडव्याला फ्रिज, त्याआधी कॅमेरा, असा तह झाला. दोन्हीचे हप्ते एकाच तारखेला जातात.

पदपथावर संध्यामठाच्या अंगाला ट्रायपॉड लावला. शालिनी पॅलेसचा मनोरा उजवीकडे आणि सूर्य बराच डावीकडे, नोव्हेंबरात तो दक्षिणेला सरकलेला असतो. पश्चिमेला ढगांचे तीन थर होते. असं आभाळ महिन्यातनं दोनदा मिळालं तरी पुष्कळ.

डोळा लावला आणि दचकलो. जुन्या कॅमेऱ्यात डोळ्यासमोर खरं आभाळ असायचं, आरशावरनं वळून आलेलं. इथं आत एक बारका टीव्ही आहे. फोटो उजळ येणार की काळा, ते बटण दाबायच्या आधीच दाखवतो. आठ वर्षं मी अंदाजानं डायल एक-दोन घरं मागं घेत होतो, सूर्यास्ताला हाताला ती सवयच. इथंही हात आपोआप मागं गेला, टीव्हीतलं आभाळ काळवंडलं, मग पुढं घेतलं, मग पुन्हा मागं. या फिरवाफिरवीत सूर्य पाण्याला टेकला. मागनं एक आजोबा म्हणाले, "बसला की ओ तो."

घरी येऊन बघितलं. 140 फोटो, आणि सगळे धुतलेल्या कापडासारखे फिके. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग बसवायची सोय, ऑटोवर राहिला होता. जास्तीचा तांबडा दिसला की कॅमेऱ्याला वाटतं बल्बचा उजेड आहे, आणि तो इमानेइतबारे तांबडा काढून टाकतो. सूर्यास्तातनं तांबडा काढला तर राहतंय काय? रॉ, म्हणजे कच्ची, प्रक्रिया न झालेली फाइल असल्यानं रंग परत आणता आले, पण दुसरी चूक तशीच राहिली. प्रत्येक फोटोत पाणी दीडएक अंश कललेलं. आख्खा रंकाळा शालिनी पॅलेसकडं ओतायला काढल्यागत. दिवसभर लेव्हल बघून जॉब लावणारा माणूस मी.

4 नोव्हेंबर, उद्यमनगर

आज बाहेर पडलो नाही, पण हा दिवस सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नव्या कॅमेऱ्यावर जुन्या लेन्सा बसवायच्या तर मध्ये अडॅप्टर लागतो. त्यात काच नसते, नुसतं पोकळ कडं. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासनं सेन्सरपर्यंत 44 मिलिमीटर अंतर होतं, नव्यात आरसाच नाही म्हणून ते 20 वर आलंय. मधले 24 मिलिमीटर भरून काढायचे, एवढंच त्या कड्याचं काम. कंपनीचं कडं महाग वाटलं म्हणून एका दुकानातनं दुसरं स्वस्तातलं घेतलं. शिवाय 18-55 लावली की कॅमेरा आपण होऊन फोटोचा मधलाच तुकडा घेतो, कारण ती लेन्स बारक्या सेन्सरसाठी केलेली. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचा आणि नऊ मेगापिक्सेलचे फोटो काढायचे. चार खोल्यांचं घर बांधून स्वयंपाकघरात झोपण्यातला प्रकार. म्हणून एका दोस्ताकडची जुनी 17-40 आठवड्यासाठी उसनी आणली.

कालच्या संध्याकाळचे शेवटचे काही फोटो तिच्यावर होते. डावीकडचे ढग कापून ठेवल्यासारखे स्वच्छ, उजवीकडचे पुसट. लेन्सला दोष देणं सोपं होतं, पण तीच लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर नीट चालत होती. सकाळी वर्कशॉपला गेल्या गेल्या मायक्रोमीटर काढला आणि कडं चार ठिकाणी मोजलं. एका बाजूला 24.00, समोरच्या बाजूला 23.94. साठ मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच असते. आमच्या धंद्यात एवढ्या फरकावर गिऱ्हाईक जॉब परत पाठवतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "भावा, एवढं कुणाला दिसतंय? लोक मजेत फोटो काढालेत." खरं असेल. लग्नाच्या फोटोत उजव्या कडेला मामी पुसट आली तर मामीशिवाय कुणी बघत नाही. आभाळात मात्र मामी नसते. कडेपासनं कडेपर्यंत एकच वस्तू असते, आणि ती एका बाजूला बिघडली की लपवायला काही सापडत नाही.

रोज खरी कॉर्नरवरनं जाताना तो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो. बाबूराव पेंटरांनी 1917 साली याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि विलायती कॅमेरा मिळेना म्हणून सिनेमाचा आख्खा कॅमेरा इथंच घडवला. त्या गावातल्या लेथवाल्याला एक कडं सरळ करता येऊ नये? मागच्या रिंगचे चार स्क्रू काढले, उतरत्या बाजूला पाच शतांश मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, कापून घातली आणि पुन्हा आवळलं. फरक दहा मायक्रॉनवर आला. दुपारी पत्र्यावर चढून समोरच्या शेडच्या छपराचे फोटो काढले. दोन्ही बाजूंची कौलं मोजता येत होती. जेवणाची सुट्टी त्यात गेली.

5 नोव्हेंबर, विद्यापीठामागचा माळ

पहाटे राजाराम तलावाच्या वरच्या अंगाला. सूर्य उगवला साडेसहाच्या पुढं. आभाळ निळं, आणि त्यावर सिरस. आमची धाकटी आठवीत आहे, ढगांची नावं तिनंच पाठ करून घेतली माझ्याकडनं. सिरस म्हणजे सगळ्यांत उंचावरचे, बर्फाच्या बारीक कणांचे, विस्कटलेल्या कापसासारखे. त्यांच्या खाली मधल्या थरात आल्टोक्युम्युलस. ते बघितलं की मला माळावर धनगरानं बसवलेली मेंढरं आठवतात, आणि मी त्यांना मेंढरंच म्हणतो. धाकटीला ते चालत नाही.

निळा गडद यावा म्हणून पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढं फिरवायची गाळणीची काच, लावला. जुन्या बारक्या सेन्सरवर याचा कधी त्रास झाला नव्हता. आज 17 मिलिमीटरला सगळं आभाळ एका फ्रेममध्ये मावलं आणि मधोमध गडद निळा पट्टा उठला, नव्या साडीवर इस्त्री बसल्यागत. दोन्ही कडांना आभाळ फिकं.

कारण साधं आहे. आभाळातला उजेड सूर्यापासनं काटकोनात असलेल्या भागातच सगळ्यांत जास्त पोलराइझ झालेला, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा, असतो. मुलं पिस्तूल करतात तशी बोटं करायची, पहिलं बोट सूर्याकडं आणि अंगठा ताठ. मग मनगट फिरवायचं. अंगठा जिथनं जिथनं फिरेल तिथं निळा सगळ्यांत गडद होतो. लेन्स अरुंद असली की त्या पट्ट्याचाच तुकडा फोटोत येतो आणि आपण खूश. लेन्स रुंद झाली की पट्टा आणि त्याच्या कडेचं फिकं आभाळ, दोन्ही येतं. पोलरायझर खिशात टाकला. माळावर पिस्तूल रोखून उभा असलेला बघून फिरायला आलेल्या दोन बायका लांबनं वळून गेल्या.

6 नोव्हेंबर, वडणग्याकडचं गुऱ्हाळ

आजचा दिवस कॅमेऱ्यासाठी नव्हताच, धुरासाठी होता.

शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला गेलं की उसाच्या मधोमध गुऱ्हाळाचं धुराडं दिसतं. हंगाम नुकता सुरू झालेला. सहाला पोचलो तेव्हा पहिलं आदण काहिलीत होतं. खाली चुलवाणात एक पोरगा वाळलेली चिपाडं लोटत होता. प्रत्येक लोटीला जाळ भपकन वर यायचा आणि त्याच्या पोटऱ्या तांबड्या दिसायच्या. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता. वर आलेला फेस आधी काळपट, मग पिवळा, मग रवाळ. तो रंगावरच बघत होता, आणि मधूनच रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपायचा. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. काहिलीवरच्या वाफेनं माझ्या लेन्सवर चिकट दव बसलं. ते पुसलं तर बोटाला गोड लागलं.

"कशाचं शूटिंग?" त्यानं विचारलं.

"धुराचं."

"गूळ सोडून धूर?" तो हसला, पण झारा थांबला नाही.

बाहेर आलो. वारा अजिबात नव्हता. धूर धुराड्यातनं सरळ उभा चढत होता, नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंचीपर्यंत. आणि तिथं जाऊन जणू माळा लागल्यासारखा अडला, आडवा झाला आणि सपाट पसरत चिखलीच्या बाजूला निघाला. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवाही निवते आणि त्याच्या वर ऊबदार हवेचा थर राहतो. नेहमी वर जावं तशी हवा थंड होत जाते, इथं उलट. धूर त्या ऊबदार थराखाली आला की त्याचा वर जायचा जोर संपतो. पुस्तकात हे तापमानाची विपरीतता म्हणून वाचलं होतं. इथं तिची उंची झाडाशी लावून मोजता येत होती. लांब आणखी दोन धुराडी होती, त्यांचाही धूर त्याच उंचीवर मोडलेला. तिघांना मिळून एकच छत.

सूर्य आला तो त्या आडव्या धुराच्या खालून. पट्टीच्या वरच्या अंगाला निळसर राखाडी, खालच्या अंगाला शेंदरी. वीस मिनिटं मिळाली. मग ऊन तापलं, छत फुटलं आणि धूर वेडावाकडा वर निघून गेला. रंकाळ्याच्या दिवशी डायलवर अडखळलेला हात आज नीट चालला, कारण त्याच्याकडं लक्षच नव्हतं. येताना काकवीची बाटली घेतली. डिकीत ती थोडी सांडली, त्याबद्दल घरात वेगळी चर्चा झाली.

7 नोव्हेंबर, घरी

रात्री गुऱ्हाळाचे फोटो मोठ्या पडद्यावर लावले. धाकटी म्हणाली, "पप्पा, घार!" धुराच्या वर, निळ्यात, छान एकटी घार. पुढच्या फोटोत घार तिथंच. त्याच्या पुढच्यातही तिथंच. तीस फोटोंत एकाच ठिकाणी घिरट्या घालणारी घार काही कुणी बघितलेली नाही.

मोजले. अकरा डाग.

सेन्सरवरची धूळ. मिररलेसमध्ये आरशाचं झाकण नसतं, लेन्स काढली की सेन्सर उघडा, आणि मी लेन्सा कुठं बदलल्या? वर्कशॉपच्या पत्र्यावर, जिथं बिडाची काळी भुकटी उडत असते. f/4 ला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं ठेवून, काढलेल्या फोटोंत डाग गायब, f/16 च्या बारीक भोकाला सगळे हजर. भोक बारीक केलं की सेन्सरवर येणारा उजेड जवळजवळ समांतर होतो आणि कणाची सावली ठसठशीत पडते. आणखी एक गंमत म्हणजे सेन्सरवर चित्र उलटं पडतं. फोटोतलं आभाळ म्हणजे सेन्सरचा तळ, आणि धूळ घसरून बसते ती तळालाच. म्हणजे आमच्या वाट्याला ठरवून आलेली.

कॉम्प्रेसरची गन हाताशी होती, मोह झाला. पण त्या हवेत तेल असतं, पाणी असतं. लेथच्या स्लाइडला चालेल, याला नाही. रबरी फुग्यानं, कॅमेरा तोंड खाली करून, वीस-पंचवीस फुंका मारल्या. आठ गेले. दोन ओल्या स्वॅबला आले. एक बसला तो बसलाच.

8 नोव्हेंबर, पन्हाळा

पावणेपाचला निघालो, वाघबिळापाशी धुकं. शहरापासनं वीसच किलोमीटर, पण गडावर स्वेटर लागतो. विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र इथं आहे ते उगाच नाही, शहराचा उजेड आणि धूर खाली राहतो.

सज्जा कोठीपाशी उभा राहिलो. समोर जोतिबाचा डोंगर, मध्ये धुक्याचं तळं. कॅमेरा गळ्यात लटकवून चहा घेतला आणि फोटो काढायला उचलला तर बॅटरी तांबड्यात. फोटो एकही नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की आतला टीव्ही चालू व्हावा म्हणून तिथं सेन्सर असतो. तो माझ्या स्वेटरला डोळा समजून तासभर स्वेटरला आभाळ दाखवत होता. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी दोन-दोन आठवडे पुरायची. यात मुळातच तीनेकशे फोटोंचा जीव.

दुसरी बॅटरी पिशवीच्या तळाशी. ती काढायला पाठमोरा वळलो आणि पश्चिमेला बघितलं. झाडांच्या शेंड्यांवर गडद निळसर राखाडी पट्टा, त्याच्यावर गुलाबी पट्टा, आणि मग फिकं आभाळ. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. उगवतीच्या आधी थोडा वेळ ती समोरच्या आभाळावर पडलेली असते, सूर्य वर येईल तशी खाली सरकत जाते. आठ वर्षं मी सूर्याकडं तोंड करून उभा होतो, ही सगळा वेळ माझ्या पाठीवर होती. बॅटरी बसवेपर्यंत निळा अर्धा उरला. चार फोटो मिळाले, त्यात एका विजेच्या खांबानं दोन खाल्ले.

9 आणि 10 नोव्हेंबर, महाद्वार

अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. 22 डिसेंबरच्या अलीकडं आणि पलीकडं जवळपास सारखेच दिवस, कारण दोन्ही वेळा सूर्य मावळायला एकाच जागी येतो. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आत फोटो काढायचा प्रश्नच नाही, म्हणून मी महाद्वाराच्या बाहेर, ताराबाई रोडकडं तोंड करून. किरणं तिकडनंच येतात.

खरा खेळ सूर्यास्ताआधी पंधराएक मिनिटं चालतो, तेव्हा सूर्य क्षितिजापासनं तीनच अंश वर असतो. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की झालं तेवढं अंतर. त्या दोन बोटांत ढग आला की संपलं, बाकी आभाळ कितीही स्वच्छ असो.

दोन्ही दिवस तिथं ढग होता. 9 ला तर असा की तीन तारखेला रंकाळ्यावर मी ज्याच्यासाठी नाचलो असतो तसा, सोनेरी काठाचा. आतनं माणसं बातमी आणत होती, "गरुड मंडपात आली", "कासव चौकात आली", आणि मग "कटांजनापाशी गेली". कटांजन म्हणजे देवीपुढचा कठडा, आणि गेली म्हणजे मावळली. गर्दीतनं एक निःश्वास निघाला आणि त्यात माझाही होता. त्या ढगाचा एक फोटो काढला, तोही अपराध्यासारखा.

11 नोव्हेंबर, महाद्वार

आभाळ कोरं. मेंढरं नाहीत, पिसं नाहीत, धूर नाही. फोटोच्या दृष्टीनं सगळ्यांत दरिद्री आभाळ. आईला आज आत नेऊन सोडली होती, ती दुपारपासनंच रांगेत.

संध्याकाळी किरणं रस्त्यावरनं निघाली. आधी हार-फुलांच्या टोपल्या, मग माणसांच्या पाठी, मग कमानीचा उंबरा. आतनं "उदं गं आंबे, उदं" असा आवाज उठला, त्यावरनंच कळलं कुठवर पोचली ते. मी उजेडाच्या वाटेतनं बाजूला झालो. माझी सावली आत जाऊ नये एवढ्यासाठी. एवढ्या गर्दीत माझी एक सावली ती काय, पण झालो. तिथनंच रस्त्यावरच्या आभाळाचे दोन फोटो घेतले, f/16 ला, व्हाइट बॅलन्स उन्हावर, लेव्हल बघून.

आई बाहेर आली ती अर्ध्या तासानं. "मुखावर आली बघ, डोळ्यांपर्यंत," म्हणाली. मग कॅमेऱ्याकडं बोट करून, "आणि ह्यात काय आलं?"

मागच्या पडद्यावर फोटो काढून दाखवला. निळं, खाली थोडं तांबूस, बाकी काही नाही. मोठा करून बघताना उजव्या बाजूला वर एक काळा ठिपका दिसला. तो बसलेला अकरावा असणार म्हणून मनातल्या मनात शिवी हासडली आणि दुसरा फोटो काढला. त्यात ठिपका पापाची तिकटीच्या अंगाला चांगला चार बोटं सरकला होता.

"घार हाय की रं," आई म्हणाली.